डब्यावरचा ‘पेटंट’ हा शब्द



आयोजकांनी पत्रिकेत आजचा विषय ‘वैज्ञानिक संशोधन, पेटंट आणि आपल्या घरातल्या वस्तू’ असा भारदस्त छापलाय. मी तो जरा आटोपशीर करून घेतो. आज आपण एका शब्दाची समीक्षा करू. शब्द आहे ‘पेटंट’.

मराठीत हा शब्द आपण किती सहज वापरतो पाहा. ‘हे तर काकांचं पेटंट वाक्य.’ ‘सर्दीवर आमच्या आजीचा पेटंट काढा.’ इथे पेटंट म्हणजे नेहमीचं, ठरलेलं, आणि म्हणून खात्रीचं. कायद्याच्या भाषेत अर्थ जवळजवळ उलटा आहे. जे नेहमीचं आहे त्याला पेटंट मिळत नाही. जे आजवर कुणी केलेलं नाही, त्यालाच ते मिळतं. म्हणजे एकाच शब्दातून कायद्याला ‘नवं’ ऐकू येतं आणि आपल्याला ‘खात्रीचं’. या दोन अर्थांच्या मधे जी जागा उरते, तिथे जाहिरातवाला दुकान मांडून बसलेला असतो. माझं आजचं सगळं म्हणणं या जागेविषयी आहे.

सुरुवात माझ्या गुडघ्यांपासून करतो. माझं वय आता ७४. दोन वर्षांपूर्वी गुडघे कुरकुरायला लागले. एका स्नेह्यानं हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल आणून दिल्या. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण मुद्दा एका कंपनीचा नाही. डब्यावर तीन गोष्टी ठळक होत्या. पहिली, ‘पेटंटेड फॉर्म्युला’. दुसरी, ‘क्लिनिकली प्रूव्हन’. तिसरी, ‘२००० टक्के अधिक शोषण’. आता मराठीत ‘शोषण’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत, आणि डब्याची किंमत पाहिल्यावर मला दुसराच अर्थ आधी आठवला. (हशा)

तीन महिने घेतल्या. बरं वाटलं का? हो, वाटलं. पण त्याच तीन महिन्यांत आमच्या इमारतीची बंद पडलेली लिफ्ट सुरू झाली आणि माझं तीन मजले चढणं थांबलं. आता गुडघ्यांना हळद लागू पडली की लिफ्ट, हे मी कसं ठरवू? तर्कशास्त्र शिकवण्यात माझा जन्म गेला, आणि स्वतःच्या गुडघ्यांपुढे मात्र मी निरुत्तर झालो. मग विद्यार्थ्यासारखा डबा वाचायला बसलो. नातवानं पेटंटचा क्रमांक शोधून तो दस्तऐवजही उघडून दिला. तो अर्क तेलात कसा मिसळायचा, कुठल्या क्रमानं, किती प्रमाणात, याबद्दल होता. त्यात मालकी मागितली होती ती या कृतीवर. माझ्या गुडघ्यांचं काय होईल, याबद्दल तिथे कसलीही हमी नव्हती.

इथून पहिला मुद्दा. पेटंट म्हणजे नेमकं काय? मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ ‘उघडा’. राजा मोहोर न फोडता वाचता येईल असं उघडं पत्र द्यायचा, त्यावरून हे नाव आलं. आपण शासकीय मराठीत त्याला ‘एकस्व’ म्हणतो, म्हणजे एकाचंच स्वामित्व. खरं तर दोन्ही नावं मिळून अर्थ पुरा होतो. तो एक सौदा आहे. संशोधकानं आपली युक्ती सगळ्यांसमोर उघडी करायची. बदल्यात समाज त्याला ठरावीक काळ, आता २० वर्षं, एकट्याला हक्क देतो. त्यानंतर ती युक्ती सगळ्यांची. सौदा म्हणून त्यात वाईट काही नाही.

पण हा सौदा मंजूर करताना परीक्षक काय पाहतो? हे नवं आहे का. त्या विषयातल्या जाणकाराला सहज सुचलं नसतं असं काही त्यात आहे का. आणि ते उद्योगात वापरता येईल का. परीक्षक रुग्णांवर चाचणी घेत नाही. तो कागद वाचतो आणि जुन्या कागदांशी ताडून पाहतो. ‘हे नवं आहे का?’ हा त्याचा प्रश्न. ‘हे खरं आहे का?’ हा संशोधनाचा प्रश्न. आणि ‘हे माझ्या उपयोगाचं आहे का?’ हा तुमचा-माझा प्रश्न. प्रश्न तीन वेगळे आहेत. पहिल्याचं उत्तर दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नाखाली चिकटवणं ही लबाडी आहे, आणि ते तसं चिकटलेलं आपण न तपासता स्वीकारणं हा आपला आळस.

यात अजून एक गंमत आहे. काही आयुर्वेदिक औषधांच्या संदर्भात तुम्ही ‘पेटंट अँड प्रोप्रायटरी’ असे शब्द ऐकले असतील. हे शब्द १९४० च्या औषध कायद्यातले आहेत. आयुर्वेदापुरता त्यांचा अर्थ एवढाच, की घटक कायद्यानं मान्य केलेल्या ग्रंथांमधल्या योगांतले आहेत, पण हे मिश्रण त्या ग्रंथांत नाही. ते बनवणाऱ्याचं आहे. त्यासाठी पेटंट कार्यालयाची पायरीसुद्धा चढावी लागत नाही. शब्द तोच, वस्तू वेगळी. एखाद्या विद्यार्थ्यानं परीक्षेत असा शब्दच्छल केला असता तर मी गुण कापले असते.

आता हळदीच्या प्रसिद्ध खटल्याकडे येऊ. खटला म्हणतोय, पण ती खरं म्हणजे फेरतपासणी होती. मार्च १९९५ मध्ये अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखम भरून येण्यासाठी हळद वापरण्याबद्दल पेटंट मिळालं. संशोधक दोघेही भारतीय वंशाचे होते. आपल्याकडे संताप झाला. त्या वेळी सीएसआयआर, म्हणजे वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक होते डॉ. रघुनाथ माशेलकर. गोव्यातल्या माशेलचे, मुंबईत वाढलेले, आईच्या कष्टांवर शिकलेले. परिषदेनं १९९६ मध्ये फेरतपासणी मागितली, ३२ संदर्भ सादर केले, आणि १९९७ मध्ये पेटंट रद्द झालं. ही लढाई लढायलाच हवी होती, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

माझी तक्रार आपण त्या विजयाचा जो अर्थ लावला त्याबद्दल आहे. त्यानंतर कित्येक भाषणांतून आपण ऐकलं, की अमेरिकेनंही हळदीचे औषधी गुण मान्य केले. तसं काहीही झालं नव्हतं. त्या कार्यालयानं मान्य केलं ते इतकंच, की ही गोष्ट नवी नाही. ‘नवी नाही’ म्हणजे ‘खरी आहे’ असं होत नाही. जुन्या गोष्टी खोट्याही असतात. सूर्य पृथ्वीभोवती फिरतो हेही फार जुनं आहे. पेटंट मिळालं म्हणून जसं काही सिद्ध होत नाही, तसंच ते रद्द झालं म्हणूनही काही सिद्ध होत नाही. हळदीनं जखम भरते की नाही, हा प्रश्न जिथल्या तिथेच होता.

या प्रकरणात तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्यानं थांबून पाहावं असं आणखी एक वळण आहे. बोट कापलं की हळद दाबायची, हे आपल्याकडे लहान पोरालाही ठाऊक. मग कोट्यवधी लोकांची ही साक्ष पुरे का झाली नाही? कारण अमेरिकेच्या तेव्हाच्या कायद्यात परदेशातला नुसता वापर हा ‘आधी माहीत होतं’ याचा पुरावा धरला जात नसे. छापील पुरावा लागे. म्हणून जुने ग्रंथ आणि १९५३ च्या भारतीय वैद्यकीय नियतकालिकातला एक लेख पुढे करावा लागला. माझी आई आयुष्यभर जे करत आली ते ज्ञान नव्हतं. ते छापलं गेलं तेव्हा झालं! पुढे २००१ पासून आपण पारंपरिक ज्ञानाचा डिजिटल ग्रंथसंग्रह उभारायला घेतला. परक्या परीक्षकांना वाचता यावं म्हणून इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश, जपानी भाषांत माहिती घातली. काम उत्तम आहे. पण तेही ‘नवं नाही’ हे दाखवण्याचंच काम आहे. ‘खरं आहे का’ हे तपासण्याचं काम त्यानं संपत नाही.

मग ते तपासलं कुणी? पुन्हा माझ्या डब्याकडे वळू. ‘२००० टक्के अधिक शोषण’ हा आकडा हवेतून आलेला नाही, हे आधी प्रामाणिकपणे सांगतो. बंगळुरूच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातल्या संशोधकांनी १९९८ मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. हळदीतलं करक्यूमिन माणसांना नुसतं दिलं, आणि मिऱ्यातल्या पायपरीनसोबत दिलं. सोबत दिल्यावर शरीरात उपलब्ध होणारं प्रमाण २००० टक्क्यांनी वाढलं. निबंध खरा, आकडा खरा. पण त्याच निबंधात हेही आहे, की नुसतं करक्यूमिन दोन ग्रॅम घेतलं तर रक्तात ते सापडतच नव्हतं किंवा अगदीच अल्प होतं. आता शून्याच्या आसपासची गोष्ट वीसेक पट झाली तर किती होते? खिशात चार आणे असलेल्या माणसाची संपत्ती वीसपट झाली तरी तो पाच रुपयांचाच धनी. डब्यावर पट छापतात. मूळ रक्कम छापत नाहीत.

आणि रक्तात जास्त आलं म्हणजे गुणही जास्त आला का? २०१७ मध्ये औषधी रसायनशास्त्राच्या एका प्रतिष्ठित नियतकालिकात करक्यूमिनवरच्या संशोधनाचा मोठा आढावा आला. त्याचा सूर कडक होता. हा रेणू शरीरात टिकत नाही, प्रयोगशाळेतल्या चाचण्यांना चकवतो, म्हणजे खरा परिणाम नसतानाही परिणाम दिसल्यासारखं करतो; आणि इतक्या वर्षांत काटेकोर दुहेरी-अंध चाचणीत तो निर्विवाद यशस्वी ठरलेला नाही. त्यानंतरही काही लहान चाचण्यांत सांधेदुखीला थोडा आराम पडल्याचे निष्कर्ष आले आहेत; वाद संपलेला नाही. हळद निरुपयोगी आहे असं मी म्हणत नाही. ‘सिद्ध’ हा शब्द इथे अजून छापण्याजोगा नाही, एवढंच माझं म्हणणं.

शोषण आणि गुण यांतला हा फरक आपल्या सर्वोच्च न्यायालयानं फार नेमका पकडला होता. आपल्या पेटंट कायद्यात कलम ३(ड) आहे. जुन्याच पदार्थाचं नवं रूप काढलं, तर त्याची परिणामकारकता वाढल्याशिवाय पेटंट नाही. नोव्हार्टिस कंपनीचं ग्लिव्हेक हे रक्ताच्या कर्करोगावरचं औषध याच कलमावर अडलं. १ एप्रिल २०१३ ला न्या. आफताब आलम आणि न्या. रंजना देसाई यांच्या पीठानं निकाल दिला. कंपनीचं एक म्हणणं असं, की नव्या स्फटिकरूपामुळे औषध शरीराला ३० टक्के अधिक उपलब्ध होतं. न्यायालय म्हणालं, ते असेल. पण त्यामुळे रोगावरचा परिणाम वाढला हे वेगळं दाखवावं लागेल. ते दाखवलं गेलं नव्हतं. मला हा निकाल तर्कशास्त्राच्या धड्यासारखा वाटतो. ३० टक्क्यांच्या बाबतीत न्यायालयानं जो प्रश्न विचारला, तो २००० टक्क्यांच्या बाबतीत आपण औषधाच्या दुकानात उभे असताना का विचारत नाही?

आता तुम्ही म्हणाल, सर पेटंटच्या विरोधात आहेत. नाही. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठाचे हॅरी स्टीनबॉक घ्या. १९२० च्या दशकात त्यांनी दाखवलं, की अन्नावर अतिनील किरण सोडले तर त्यात ‘ड’ जीवनसत्त्व तयार होतं. मुलांची हाडं वाकवणाऱ्या मुडदूस रोगावर तो मोठा उपाय होता. त्यांनी पेटंट घेतलं. स्वतःच्या तिजोरीसाठी नव्हे, तर कुणीही ऐऱ्यागैऱ्यानं बनावट माल विकू नये आणि मिळणारा पैसा विद्यापीठाच्या संशोधनाला मिळावा म्हणून. त्यासाठी १९२५ मध्ये एक प्रतिष्ठान उभं राहिलं. इथे संशोधन खरं होतं, हेतूही चांगला होता.

तरी पुढे काय झालं? मार्गारीन हे लोण्याऐवजी खाल्लं जाणारं स्वस्त स्निग्ध. गरीब घरात तेच असायचं. प्रतिष्ठानानं मार्गारीनवाल्यांना परवाना नाकारला. विस्कॉन्सिन हे दूधदुभत्याचं राज्य. लोण्याला स्पर्धा नको होती. म्हणजे मुडदुसाचा धोका ज्या मुलांना जास्त, त्यांच्याच ताटापासून उपाय अडवला गेला. १९४० च्या दशकात पेटंटची वैधता न्यायालयात गेली, तेव्हा न्यायाधीशांनी याच गोष्टीवर बोट ठेवलं, आणि शेवटी ती पेटंटं अवैध ठरली. म्हणजे गोष्ट नवी आहे आणि खरीही आहे, हे ठरलं तरी ती कुणाच्या उपयोगाला येणार हा तिसरा प्रश्न उरतोच.

शेवटचं उदाहरण उलट्या बाजूचं. १९७१. बांगलादेशाच्या युद्धात लाखो निर्वासित सीमा ओलांडून आले. बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला. शिरेतून द्यायचं सलाइन संपत आलं. डॉ. दिलीप महालनोबिस यांनी एक लिटर पाण्यात २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा असं मिश्रण पिंपांत भरून ठेवलं, आणि रुग्णांच्या नातेवाइकांच्या हातात पेले दिले. आधी जिथे सुमारे ३० टक्के रुग्ण दगावत होते, तिथे हे प्रमाण चार टक्क्यांच्या खाली आलं. यामागचं शास्त्र त्याआधी दशकभरात उलगडलं होतं: आतड्यात ग्लुकोज आणि सोडियम जोडीनं आत जातात आणि पाण्याला सोबत ओढतात. ढाक्यात त्याच्या चाचण्याही झाल्या होत्या. महालनोबिस यांनी प्रमाण लपवलं नाही, पेटंट घेतलं नाही. कसं बनवायचं ते सगळ्यांना सांगितलं. आज जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात एका लिटरला साडेतेरा ग्रॅम ग्लुकोज असतं, त्यापेक्षा जास्त नाही. कारण साखर फार झाली की उलट आतड्यात पाणी ओढलं जातं आणि जुलाब वाढतात.

खरेपणाची कसोटी पार केलेली, जवळजवळ फुकट, कुणाच्याही मालकीची नसलेली ही गोष्ट. तिचं आपण काय केलं?

काही वर्षांपूर्वी आमच्या धाकट्या नातीला जुलाब झाले. दोन वर्षांची पोर. मी औषधाच्या दुकानात जाऊन ‘ओआरएस द्या’ म्हणालो. दुकानदारानं रंगीत तयार पेयाचं खोकं दिलं. नावात ती अक्षरं होती. मी सुशिक्षित माणूस, चष्मा डोळ्यांवर, आणि मी मागची बाजू वाचली नाही. दिवसभर थोडं थोडं ते पाजत राहिलो. जुलाब थांबेनात. संध्याकाळी डॉक्टरीणबाईंनी खोकं हातात घेतलं, उलटं केलं आणि साखरेच्या आकड्यावर बोट ठेवलं. सूत्रापेक्षा अनेक पट. त्या मला रागावल्या नाहीत. ‘काका, नाव वाचू नका, मागचं वाचा,’ एवढंच म्हणाल्या. नात बरी झाली. पण तो दिवस मी विसरलेलो नाही.

म्हणजे पाहा, सूत्रावर मालकी नव्हती तर लोकांनी नावावर मालकी मिळवली. व्यापारचिन्ह पेटंटसारखं २० वर्षांनी संपत नाही. नूतनीकरण करत राहिलं तर ते कायमचं. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष या विषयावर वर्षानुवर्षं एकाकी झगडल्या. शेवटी ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणानं, ठरलेल्या सूत्राप्रमाणे नसलेल्या पेयांच्या नावात ‘ओआरएस’ वापरण्याची आधी दिलेली मुभा काढून घेतली. ही मुभा मुळात दिलीच कशी, हा प्रश्न मी तुमच्याकडे सोपवतो.

एक आक्षेप मी स्वतःच घेतो, नाहीतर तुम्ही घ्यालच. पेटंटचा लाभ नसेल तर संशोधनावर पैसा कोण घालेल? आक्षेप रास्त आहे. चाचण्यांना फार खर्च येतो. पण त्याचीच दुसरी बाजू पाहा. ज्यावर मालकी सांगता येत नाही, त्याची कसून तपासणी करण्यात बाजाराला रस नाही. साध्या हळदीची मोठी, निःपक्ष चाचणी कोण करेल? त्यातून निघालेलं उत्तर सगळ्यांचं होणार, विकणार कोण? म्हणून तेलात मिसळण्याच्या कृतीवर पेटंट निघतं आणि मूळ प्रश्न पडून राहतो. हे काम सार्वजनिक पैशानं, विद्यापीठांनी आणि सरकारी प्रयोगशाळांनी करायचं आहे. हळदीचं पेटंट पाडण्यात आपण जी जिद्द दाखवली, तिचा थोडा भाग हळद तपासण्यात दाखवला तर तो खरा स्वाभिमान ठरेल. उत्तर आपल्याविरुद्ध गेलं तरीही.

आपल्या नैयायिकांनी ‘शब्द’ हे प्रमाण मानलं, पण कुणाचाही शब्द नाही. आप्ताचा. आणि आप्त कोण? ज्याला वस्तू जशी आहे तशी माहीत आहे, आणि ती तशीच सांगण्याची ज्याची इच्छा आहे. अटी दोन आहेत. डब्यावर लिहिणाऱ्याला कदाचित पहिली अट पाळता येते. दुसरी त्यानं पाळावी अशी नुसती अपेक्षा ठेवणं बरोबर नाही, कारण त्याला डबा विकायचा आहे. म्हणून विचारायचं काम आपलं. पेटंट आहे? मग ते नेमकं कशावर आहे? सिद्ध झालंय? कुणावर, कशाच्या तुलनेत, आणि पैसे कुणी दिले? इतके पट वाढलंय? मूळ किती होतं?

माझे गुडघे अधूनमधून अजून कुरकुरतात. लिफ्ट चालू आहे. हळद आमटीत पडते तेवढी पुरे, असं मी माझ्यापुरतं ठरवलंय. माझा हा निर्णय सिद्ध झालेला नाही, हेही सांगून ठेवतो. आणि घरात जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राच्या चार पुड्या कायम असतात. त्यांची मागची बाजू मी वाचून ठेवली आहे.

आता तुमचे प्रश्न घेऊ.